गावपळणीत राहिलेली लाल वही

सुगंधाबाईंनी पिशवी तिसऱ्यांदा उपसली. डबा होता, टॅब होता, जपाची माळ होती. लाल वही तेवढी नव्हती. ती शाळेच्या कपाटात राहिली होती आणि शाळा वेशीच्या आत.

गावपळणीचा दुसरा दिवस होता. देवाचा कौल झाला की अख्खा गाव गुरंढोरं, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर सड्यावर, उघड्या कातळावर, राहुट्या ठोकतो. परतीचा कौल मिळेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही.

वहीत बाईंची सात वर्षांची पुंजी. पाढ्यांचे खेळ कुठल्या साइटवर, कविता ऐकायला कुठल्या, मुलांनी काढलेली चित्रं कुठे पाठवायची, सगळं पासवर्डासकट टिपलेलं. गोष्टींच्या साइटचा पासवर्डही त्यातच. तिसरीतली भार्गवी वर्गात कधी तोंड उघडत नसे. टॅबसमोर मात्र गोष्ट वाचायची. तालुक्याच्या वाचन मेळाव्यासाठी तिचं वाचन त्या साइटवर आज पाचच्या आत जायला हवं होतं. पोर सकाळपासून गणवेश घालून बसली होती. आता चार वाजले होते.

भार्गवीचा बाप सुशांत जवळ सरकला. "बाई, तुमी खंय गावच्या? तुमका चलता. गाडयेन सोडतंय, वही घेवन येवा. कोणाक कळाचा नाय."

"देवाक कळतला मां रे मेल्या!" शेजारच्या चुलीपासून म्हातारी अक्का कडाडली.

बाईंनी वेशीकडे पाहिलं. शाळेचं कौलारू छप्पर दिसत होतं, पाच मिनिटांच्या वाटेवर. "सात वर्षं तुमच्या विहिरीचं पाणी पितेय, सुशांत. मी गावचीच."

त्यांनी फोन काढला. एकच वाट होती. साइटवरचं खातं श्रीपाद गुरुजींनी उघडलेलं, त्यामुळे नवा पासवर्ड घ्यायचा तर ओटीपी त्यांच्या फोनवर जाणार. गुरुजी निवृत्त होऊन कसालला राहतात. फोन दोनदा वाजून थांबला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा साडेचार झाले होते.

"सुगंधा, मी बाजारात आसंय. चष्मो घराक रवलो."

"गुरुजी, कोणाकडून तरी वाचून घ्या! पाच मिनिटांत आकडे बाद होतात!"

"रव, केळीवाल्याक इचारतंय."

केळीवाला गिऱ्हाईक सोडून आकडे वाचू लागला. शेवटचा तीन की आठ, यावर त्याची नि गुरुजींची जुंपली. बाईंनी तीन घातला, चुकला. देवाचं नाव घेऊन आठ घातला. साइट उघडली. पावणेपाच झाले होते.

भार्गवी वाचू लागली. तिसऱ्या ओळीवर अडखळली आणि गप्पच झाली. सड्यावर कोणी हलेना. अक्काने कलकलणारी कोंबडी उचलून टोपलीखाली घातली. बाईंनी पोरीच्या पाठीवर हात ठेवला. ओळ पुन्हा सुरू झाली, मग पुढची, मग शेवटची.

टॅबने टिपलेलं वाचन साइटवर चढवायला घातलं. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. चार छप्पन्न. अठ्ठावन्न. मग अक्षरं उमटली: वाचन मिळाले.

अक्का पदराला हात पुसत आली. "त्या तालुक्याक वाचून दाखयलस. आता माका दाखव गो."

भार्गवीने टॅबकडे नाही, अक्काकडे पाहिलं.

"खंयची गोष्ट वाचू?" तिने विचारलं.