क्रमांक तीनशे एक्केचाळीस

भाऊसाहेब लग्नकार्याला जाताना स्वतःचं ताट बरोबर नेत. स्टीलचं, सहा कप्प्यांचं, कापडी पिशवीत घातलेलं. आमटीचा ओघळ भाताला शिवला की ते ताट बाजूला सारत आणि उपाशी उठत. सकाळच्या पोह्यांवर शेव घालायची नाही, ती शेजारच्या कप्प्यात. जिलबी तिच्या पलीकडे. पोह्यांना शेव शिवू न देणारा माणूस इंदुरात मी हा एकच पाहिला. आमच्या छत्रीबागेतले शेजारी याला शिस्त म्हणत. घरातले संस्कार म्हणत. माझ्या मुलीनं तेच केलं तेव्हा मात्र त्याला आजार म्हणाले, आणि तो माझ्या माहेरून आला असं ठरवून मोकळे झाले.

भाऊसाहेब माझे सासरे. त्यांचे खापरपणजोबा संस्थानच्या दप्तरात कारकून होते आणि भाऊसाहेब स्वतः सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड-रूममधून निवृत्त झाले. पिढ्या बदलल्या, पण कागद काही सुटला नाही. "नोंद म्हणजे नोंद, सूनबाई. बाकी सब गप्पा," हे त्यांचं आवडतं वाक्य. दूधवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांनी ते ऐकलेलं होतं.

त्यांचं आयुष्यभराचं काम म्हणजे घराण्याचा कुलवृत्तांत. धार, देवास, ग्वाल्हेर, बडोदा, जिथे जिथे आमच्या आडनावाचं माणूस असेल तिथे त्यांचं पत्र जाई. प्रत्येक माणसाचं एक कार्ड, कार्डाला क्रमांक, कार्डं बुटांच्या खोक्यांत. मुलींनाही क्रमांक द्यायचा ही त्यांची स्वतःची सुधारणा, तिचा त्यांना भारी अभिमान. एकदा दिलेला क्रमांक कधी बदलायचा नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा महूहून आलेल्या माझ्या वडिलांना त्यांनी पाणी देण्याआधी आमच्या चार पिढ्या विचारल्या. बाबा तिथल्या शाळेत शिक्षक. त्यांना दोनच सांगता आल्या. भाऊसाहेबांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. ते मला तेव्हाही लागलं होतं.

रेवा झाली तेव्हा बारशाच्या आधीच तिचं कार्ड तयार होतं. पण ती हाकेला वळेना. तीन वर्षांची झाली तरी "आई" म्हणेना, आणि बोलायला लागली तेव्हा एकदम सिटीबसचे सगळे थांबे ओळीनं म्हणून दाखवले. वर्गात पाच मिनिटं बसत नसे, दार उघडं दिसलं की पळत सुटे. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून किंचाळे. दोन शाळांनी "तुमच्या मुलीसाठी ही जागा योग्य नाही" असं गोड आवाजात सांगून घरी पाठवलं. भाऊसाहेब पेपरामागून म्हणत, "आमच्याकडे असं कोणी झालं नाही." मोठ्यानं नाही, रागानं नाही. हवामान सांगावं तसं. दिवसातून दोनदा तरी.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी, माझा नवरा सुधीर, आणि भाऊसाहेब. कारण घराण्याची माहिती लागेल असं कळल्यावर ते आपणहून निघाले. बाईंनी रेवाला बराच वेळ पाहिलं, मग आमच्याकडे वळल्या. "रेवाला ऑटिझम आहे, आणि एडीएचडी पण आहे. लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही, ते त्यातलं. दोन्ही पुष्कळदा एकत्र दिसतात, क्योंकि दोन्हींच्या मागची अनुवंशिक कारणं बरीचशी सामायिक असतात. एक जीन नाही हं, लहान लहान पुष्कळ. म्हणून एकाच घरात एकाला हे असतं, दुसऱ्याला ते, आणि तिसऱ्याला इतकं थोडं, की लोक त्याला स्वभाव म्हणतात. आईच्या वागण्यानं हे होत नाही." मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला. "घरात कोणी उशिरा बोललेलं? शाळेत न टिकलेलं? एकटं एकटं राहणारं?"

मला त्या दिवशी भाऊसाहेबांकडून एकच वाक्य हवं होतं. "हो, आमच्याकडेही होतं कोणी." एवढंच. त्यानं रेवा बरी होणार नव्हती, ते मला ठाऊक होतं. पण मी त्या घरात मान वर करून जेवले असते.

"कोणी नाही," भाऊसाहेब म्हणाले. "साडेतीनशे माणसांचं पूरा रेकॉर्ड आहे माझ्याकडे, मॅडम. एकही नाही." बोलताना बाईंच्या टेबलावरची पेनं ते लांबीप्रमाणे लावत होते. शेजारी सुधीरचा पाय सारखा हलत होता. दहा वर्षांत चार नोकऱ्या बदललेला, स्कूटरची चावी फ्रिजमध्ये विसरणारा माझा नवरा. बाईंनी एकदा त्या पेनांकडे पाहिलं, एकदा त्या पायाकडे, आणि फॉर्मवर "नाही" लिहिलं. घरी येताना रिक्षात भाऊसाहेब म्हणाले, "महूला विचारून घे एकदा." सुधीर रस्त्याकडे बघत बसला. त्या दिवसापासून मी दोघांशी कामापुरतं बोलू लागले.

रेवा नऊ वर्षांची असताना कुलवृत्तांत छापून आला. घरीच छोटा समारंभ केला, गावोगावचे भाऊबंद आले. निळ्या बांधणीचा जाडजूड ग्रंथ. मी आधी सुधीरचं पान काढलं. सुधीर, त्याचं शिक्षण, पत्नी म्हणून माझं नाव, माहेर महू. पुढे काही नाही. जणू आम्हाला मूल झालंच नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन कचोऱ्या तळत बसले. काय करणार होते? घर पाहुण्यांनी भरलेलं.

रेवा मात्र कोपऱ्यात बसून पहिल्या पानापासून वाचत होती. तिला याद्या आवडतात. जेवणं चालू असताना ती भाऊसाहेबांच्या ताटासमोर येऊन उभी राहिली.

"आजोबा, एकशे सत्तेचाळीस तुम्ही. मग एकशे एकोणपन्नास. अठ्ठेचाळीस कुठे आहे?"

"छपाईची चूक," भाऊसाहेब म्हणाले.

"चूक नाही. दोनशे सहा पण नाही. तीनशे एक्केचाळीस पण नाही. सूचीत पण नाहीत."

माणसं गाळणं त्यांना जमलं होतं. पण दिलेले क्रमांक सरकवून ती जागा बुजवणं त्यांच्या हातून झालं नव्हतं. तेवढी लबाडी त्यांच्या स्वभावात बसत नव्हती, आणि ती भोकं दिसायला डोळे त्यांच्याच रक्ताचे हवे होते.

धारच्या कुसुमआत्या, भाऊसाहेबांच्या थोरल्या बहीण, पलीकडे जेवत होत्या. हातातला घास तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "अरे, तुझ्यामागे तर आपला मधू. मधूला नाही घातलास? इतकी गोड शिट्टी वाजवायचा रे तो." पुऱ्या वाढणारी मी तिथेच थांबले.

"आणि माझा नंबर कोणता?" रेवानं विचारलं.

चुकीचा आकडा सांगणं त्या माणसाला शक्यच नव्हतं. "तीनशे एक्केचाळीस," ते म्हणाले, आणि ताट सारून उठले. त्या दिवशी ताटात काहीही कशाला शिवलेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी ते गेले. तोवर एकदाही हा विषय त्यांनी काढला नाही, माझी माफी मागितली नाही, महूचं नाव मागे घेतलं नाही. मी रडले नाही. लोकांनी पाहिलं असेल, पाहू दे.

भाऊबंदांनी पुरवणी काढायचं ठरवलं आणि खोक्यांना हात लावायला कोणी तयार नाही म्हणून ते काम माझ्याकडे आलं. तिन्ही कार्डं जागच्या जागी होती, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. "१४८. मधुकर. धाकटा बंधू. सहाव्या वर्षापर्यंत बोलला नाही. शिट्टी उत्तम. कोणात मिसळत नसे." "२०६. वसंत. चुलतबंधू. शाळेतून वारंवार पळून जाई. एका जागी बसत नसे. नोकऱ्या अकरा." आणि "३४१. रेवा. नात. स्मरण असामान्य. पदार्थ एकमेकांस शिवलेले चालत नाहीत." तिन्हींच्या डोक्यावर लाल शाईनं लिहिलेलं होतं, "छापू नये."

ठाऊक नसतं तर मी त्यांना माफ केलं असतं. त्यांना ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंपुढे बसून पेनं लावताना तिन्ही कार्डं त्यांच्या डोळ्यांपुढे होती, आणि तरीही रिक्षात ते मला महू दाखवत राहिले.

कार्डं होती तशी मी जुन्या इंदुरातल्या प्रेसवर नेऊन दिली. प्रेसवाल्यानं चष्मा वर करून पाहिलं. "भाभीजी, ये लाल वाला तो छोड़ना है ना?"

"नाही," मी म्हटलं. "तेही छापा."