आबांचा वाचक

रविवारी सकाळी आमच्या घरात पत्रक वाचलं जायचं. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, विट्यात झेरॉक्सचं दुकान. आठवडाभर ते लोकांचे सातबारे आणि आधार कार्डं काढायचे आणि रविवारी स्वतःचं लिहायचे. कालव्याचं पाणी शेवटच्या शेताला का पोचत नाही, शाळेला शिक्षक का मिळत नाही, असलं. मोबाईलवरचं लोक बोटानं वर सारतात, कागद निदान घडी घालून खिशात ठेवतात, असं त्यांचं म्हणणं. छापण्याआधी मजकूर कुणीतरी मोठ्यानं वाचायचा आणि आबांनी डोळे मिटून ऐकायचा. वाचणारा जिथं अडेल तिथं लाल पेनानं खूण. मग ते वाक्य मोडून पुन्हा लिहायचं.

वाचणारा मी. वाचता यायला लागल्यापासून मीच. ‘समन्यायी पाणीवाटप’ हे शब्द मी पाहुण्यांना म्हणून दाखवायचो आणि आबांची मान ताठ व्हायची. शाळेतल्या पहिल्या नंबरापेक्षा मला ती मान प्यारी होती.

सातवीत असताना एका रविवारी माझा मित्र मला क्रिकेटला बोलवायला आला. त्याच्या वडिलांचं तमिळनाडूत गलाईचं दुकान होतं. सोनारांकडचं जुनं सोनं गाळून शुद्ध करून द्यायचा हा धंदा आमच्या भागातली कितीतरी घरं करतात. मित्र चौथीपर्यंत तिकडंच शिकला आणि मग गावी आजी-आजोबांकडं आला. तमिळ फाडफाड बोलायचा, पण मराठी वाचताना जोडाक्षर आलं की थांबायचा. आबांनी त्या दिवशी सहज कागद त्याच्या हातात दिला.

तो पहिल्याच वाक्यात अडला. दुसऱ्यात परत अडला. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. तेवढ्यात आबांनी डोळे उघडले.

“गड्या, हितं का थांबलास?”

“काका, कोण कुणाला पाणी देणार हाय त्येच कळंना.”

आबा खो खो हसले. “लेका, आता मलाबी कळंना!”

लाल पेन कागदभर फिरलं. त्या दिवसापासून वाचक तो.

“तू नको,” आबा मला म्हणाले. “तुला सगळं येतंय. तू कुठं अडतच न्हाईस.” हे त्यांनी कौतुकानं म्हटलं, म्हणून जास्तच लागलं. चांगलं येतं म्हणून काढून टाकतात, असा न्याय कुठल्या पत्रकात लिहिलाय? पण भांडायचं कसं? ज्या घरात बापाची गादी पोराला मिळण्याविरुद्ध पत्रकं निघतात, तिथं ‘ही जागा माझी’ असं कुठल्या तोंडानं म्हणणार? हेवा म्हणजे मालकीचाच हट्ट, हे मी आज कुठल्याही सभेत ठणकावून सांगेन. तेव्हा मात्र त्याची चप्पल आमच्या दारात दिसली तरी माझं डोकं फिरायचं.

एकदा तो यायच्या आत मी कागद उचलला आणि मुद्दाम अडखळत वाचू लागलो. नेमका ‘समन्यायी’वर अडलो.

“ह्या शब्दावर? तू?” आबा म्हणाले. “नाटकात काम मिळंल तुला.”

आई आतून ओरडली, “स्कॉलरशिपचा अभ्यास कर म्हणावं त्याला! पत्रकं वाचून कोण सायेब झालंय?”

माझ्याकडं एकच समाधान उरलं होतं. त्याला का निवडलंय ते मला ठाऊक होतं आणि त्याला नव्हतं, अशी माझी खात्री होती. त्याची आजी गावभर सांगायची, माझ्या नातवाचं वाचन ऐकायला बोलवत्यात. मी ऐकायचो आणि गालात हसायचो.

गावच्या यात्रेला गलाईवाले लांबून लांबून घरी येतात. त्याचे वडीलही आले आणि रविवारी केळ्याच्या वेफर्सचा पुडा घेऊन त्याच्यासोबत आमच्याकडं.

“भाऊ, पोरगं लय भारी वाचतंय म्हणं,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी दुकानात न्यायचं ठरलेलं. पण येवढं येत आसंल तर शिकू दे म्हणतो.”

कुणीही शहाणा माणूस इथं ‘व्हय’ म्हणाला असता. आबांना खोटं बोलता येत नाही.

“खरं सांगू? त्यो अडतोय, म्हणून मी त्याला बसवतो.”

वडिलांचा चेहरा उतरला. “म्हंजी पोराला येत न्हाई, ते ऐकत बसता व्हय तुमी?”

मी दाराशी उभा होतो. ज्या क्षणाची वाट बघत होतो तो आला होता. आता मित्र खाली मान घालेल, रडेल, उठून जाईल.

“पप्पा, मला म्हाईत हाय की,” मित्र म्हणाला. “मी अडलो की काका वाक्य बदलत्यात. ह्यो,” त्यानं माझ्याकडं बोट केलं, “कितीबी चांगलं वाचू दे, ह्याच्यापायी एक शब्दबी बदलत न्हाईत.”

त्याच्या आवाजात टोमणासुद्धा नव्हता. नुसती माहिती होती.

वडील सतरंजीवर मांडी घालून बसले. “वाच बगू.”

तो वाचायला लागला. अडला. वडील कागदावर वाकले. “थांब, हितं मलाबी न्हाई कळलं. आवं भाऊ, आवर्तन म्हंजी पाण्याची पाळीच न्हवं? मग पाळी लिवा की!”

“पाळी!” आबांनी मांडीवर थाप मारली आणि पेन उघडलं.

“दहावी हू दे याची,” वडील कागदावरची नजर न काढता म्हणाले. “दुकान कुटं पळून जातंय?”

तिघांची डोकी त्या एका पानावर टेकली होती. आई आतून म्हणाली, “चहा गार व्हायलाय, दे की त्यास्नी.” मी कप नेऊन ठेवले. कुणी वर बघितलं नाही. मी तिथंच उभा राहून पान उलटं वाचत होतो, आणि तसंही मी कुठंच अडत नव्हतो.