कॅरेटची भिंत

आमच्या कॉलेजात आधुनिक कलेचं संग्रहालय आहे, असं मी एसटीत कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग खिडकीबाहेर. ओतूरच्या पुढे, कांद्याच्या वावरांना लागून आमचं कॉलेज. इथे शिकून मुंबईला गेलेला एक चित्रकार मोठा झाला आणि त्याला गावाची आठवण आली. आपली आणि मित्रांची चित्रं त्याने कॉलेजला देऊन टाकली. जुन्या सायकल स्टँडला भिंती घालून हॉल केला, नारळ फुटला, आणि मग प्रश्न आला की हे सांभाळणार कोण. मीटिंगमध्ये मी एवढंच म्हटलं होतं की भिंतींना निदान रंग तरी द्या. झालं. भूगोलाच्या बाई संग्रहालयाच्या प्रमुख झाल्या.

आधी मी खूप चिडचिड केली. मग एक चित्र मला आवडायला लागलं. भलंमोठं, नुसतं निळं. त्यात दुसरं काही म्हणजे काही नाही. ऑफ तासाला मी त्याच्यासमोर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायची. स्टाफरूममध्ये कुणीतरी माझ्या मुलीच्या लग्नाचं काढायचं, घरी माझ्या बीपीचं. त्या निळ्यासमोर मला कुणी काही विचारत नव्हतं. खरं सांगते, त्या हॉलवर माझा जीव जडला.

आणि नेमका तोच हॉल संस्थेच्या अध्यक्षांच्या डोळ्यांत भरला. सगळा तालुका त्यांना भाऊ म्हणतो. भाऊंना तिथे व्यायामशाळा पाहिजे होती. एवढी मोठी जागा आणि आत चिटपाखरू नाही, असं ते चारचौघांत बोलून गेले. वर मला म्हणाले, दिवाळीनंतर मी स्वतः येऊन बघतो, माणसं दिसली तर ठीक, नाहीतर चित्रं लायब्ररीच्या माळ्यावर. मी हातापाया पडून पोरांना आणायची. पोरं पंख्याखाली उभी राहायची, सेल्फी काढायची आणि पळायची. भाऊंचा दिवस जवळ येत होता.

अशात एक दिवस येडगावचे एक शेतकरी मुलीचा दाखला न्यायला आले. क्लार्क जेवायला गेलेला, म्हणून ते हॉलमध्ये सावलीला शिरले. मधोमध एक कलाकृती होती. टोमॅटोची जुनी प्लॅस्टिकची कॅरेट, म्हणजे क्रेट, एकमेकांत अडकवून रचलेली उंच भिंत. चित्रकाराने कॅरेट मंचरच्या भंगारवाल्याकडून उचलली होती आणि भिंतीला ‘रिकामपण’ असं नाव दिलं होतं. हे गृहस्थ तिच्यासमोर थांबले ते थांबलेच. वाकून बघतायत, मान तिरकी करतायत. माझा आनंद काय सांगू! मी धावत गेले आणि श्रम, बाजार, माणसाच्या आतली पोकळी असं सगळं भडाभडा सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मॅडम,” ते म्हणाले, “खालच्या वळीतलं त्ये निळं कॅरेट आमचं हाय.”

आमच्याकडचं हे दुखणं बाहेरच्यांना कळायचं नाही. टोमॅटो मार्केटला गेला की कॅरेट तिथेच राहतं आणि परत येतं ते भलत्याच कुणाचं. म्हणून प्रत्येक घर आपल्या कॅरेटवर ऑइलपेंटने खूण करतं. कुणाचा त्रिशूळ, कुणाचा चांद, कुणाचे नुसते दोन पट्टे. तरी ती जातातच. कॅरेटवरून भावकी बोलेनाशी होते. या काकांच्या निळ्या कॅरेटवर पांढरं मोराचं पीस होतं, आणि ते नेल्याच्या संशयावरून त्यांनी सख्ख्या मेव्हण्याशी बोलणं टाकलं होतं. मी त्यांना निक्षून सांगितलं, काका, ही कला आहे, हिला हात लावायचा नाही. खालचं एक ओढलं तर सगळी भिंत अंगावर येईल. ते दाखला घेऊन गेले आणि थेट मार्केटात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवसापासून जत्रा. वारूळवाडी, येडगाव, जुन्नर, कुठून कुठून माणसं आली. जुन्नरचे एक बागवान चाचा तर पिकअप घेऊनच आले, दोर आणि हमालासकट. लोक फरशीवर आडवे पडून मोबाईलचा उजेड मारत होते. एकेक खूण सापडली की दारातून बायकोला फोन. मी भिंतीपुढे हात पसरून उभी, एकच पालुपद, कला आहे, हात लावू नका. त्या मेव्हण्यालाही कुणीतरी घेऊन आलं. मेव्हण्याचं स्वतःचं हरवलेलं कॅरेट मोरपिसाच्या शेजारीच निघालं. दोघे बराच वेळ भंगारवाल्याला शिव्या देत राहिले, आणि मग एकाच गाडीवर बसून गेले.

भाऊ आले त्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माझा ऊर भरून आला. मी त्यांना माहिती सांगायला लागले, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते भिंतीच्या मधल्या ओळीकडे बघत होते. तिथे पिवळ्या कॅरेटवर लाल चांदणी होती.

“आयला, हे तर आमचं,” म्हणत त्यांनी हात घातला.

मग मागून येडगावचे काका पुढे आले. हात जोडूनच म्हणाले, “भाऊ, हात न्हाई लावायचा. मॅडमनी आमाला बजावलंय. कला हाय ती.”

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. हो म्हणावं तर चाचांचा हमाल तयारच होता, अर्ध्या तासात भिंत आणि हॉल दोन्ही गेली असती. नाही म्हणावं तर अध्यक्षांचा अपमान.

“भाऊ,” मी म्हटलं, “तुमचं काढलं तर सगळ्यांची काढावी लागतील.”

त्यांनी वळून माणसांकडे पाहिलं. ही सगळी माणसं त्यांना मतं देणारी. चांदणीवरचा हात हळूच मागे आला. “ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “फक्त हितं एक बल्ब लावा. चांदणी नीट दिसंना.”

व्यायामशाळा जुन्या एनसीसीच्या खोलीत गेली. मी जिंकले. आणि आता माझ्या ऑफ तासाला हॉलमध्ये बसायला जागा नाही. घरी पावणं आलं की लोक त्यांना आमचं कॅरेट दाखवायला घेऊन येतात. प्रत्येकाला आपल्या खुणेवर बल्ब पाहिजे, आणि जाता जाता मुलीचं जमलं का हेही विचारून जातात.

परवा गेले तर माझ्या खुर्चीवर येडगावचे काका बसलेले. भिंतीकडे पाठ, तोंड निळ्या चित्राकडे. मी चिडूनच मागे जाऊन उभी राहिले. ते उठले नाहीत, वळलेही नाहीत.

“मॅडम,” त्यांनी विचारलं, “ह्याच्यात कुणाचं काय हरवलंय?”

एवढी वर्षं मी त्याच्यासमोर बसत आले होते. मी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसले.

“बघत बसा,” मी म्हटलं. “मीही तेच शोधतेय.”