भुजलीचं नाव

आंबागडच्या किल्ल्याखाली गोंडांची जी थोडी घरं होती, त्यांतल्या अगदी कडेच्या घरात रुखमिणी उईके वाढली. बाप जंगलखात्याच्या कामावर, माय मोहफुलं वेचणारी. पोरगी बोलकी. कुठे कोणाची म्हैस पाण्यात बसली, कोणाच्या घरी पाहुणे आले, हे ती गावभर सांगत फिरायची. लोक म्हणायचे, "उईक्याची पोरगी म्हणजे रेडिओ आहे." पुढे ती खरंच रेडिओत गेली आणि मग टीव्हीत. पण तिच्या आयुष्याचं जे काय बरंवाईट झालं ते एका नावानं झालं, आणि ते नाव तिचं नव्हतं.

गोदावरी त्याच गावच्या कास्तकाराची मुलगी. धानाची जमीन, घरी बैलजोड्या, दाराशी तणसाचा ढीग. शाळेत दोघी एका चटईवर बसायच्या. सत्तरच्या आसपासच्या एका श्रावणात दोघींनी भुजली बदलली. नागपंचमीला पळसाच्या पानांच्या दोन्यात माती भरून गहू पेरायचे, अंधाऱ्या खोलीत ठेवायचे. राखीच्या दुसऱ्या दिवशी ती पिवळी रोपं मिरवत तलावावर न्यायची, दोने पाण्यात सोडायचे आणि हातात उरलेली रोपं जिच्याशी जीव जडला तिच्या कानामागे खोचायची. एवढं केलं की त्या दोघी जन्मभराच्या भुजल्या. सख्ख्या बहिणीपेक्षा जवळच्या. जात आड येत नाही, चूल आड येत नाही. बंधन एकच. एकमेकींचं नाव घ्यायचं नाही.

"आता हिचं नाव तुह्या तोंडून येता कामा नये," रुखमिणीची माय म्हणाली. "भांडली तरी नाही, मेली तरी नाही."

"मग हाक कशी मारू वं?"

"भुजली म्हन. तेवढ्यात समदं येते."

खरंच त्यात सगळं आलं. मैत्री आली, आणि पुढे मैत्रीच्या पलीकडचं जे होतं तेही आलं. त्याला आंबागडात शब्द नव्हता, नागपुरातही रुखमिणीला तो सापडला नाही. बाईनं बाईवर असा जीव लावायचा, की अंगाखांद्याला, श्वासाला तिचीच ओढ लागावी, हे कोणाला सांगायचं? त्या दोघींनी एकमेकींनाही सांगितलं नाही. भुजली म्हणायच्या आणि जवळ यायच्या.

गोदावरीचं लग्न कारध्यात झालं. वैनगंगेच्या काठचं घर, चांगला नवरा. तो तिसऱ्या पावसाळ्यात तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. गोदावरी माहेरी परतली नाही. सासू कौशल्याबाईसोबत राहिली, शेत पाहू लागली, उन्हाळ्यात नदीच्या रेतीत डांगरांची, म्हणजे खरबुजांची, वाडी लावू लागली.

रुखमिणी तोवर मॅट्रिक होऊन नागपूरला पोचली होती. आदिवासी बांधवांसाठी रेडिओवर कार्यक्रम असे, त्यात तिला बोलायचं काम मिळालं. घरून स्थळं येत होती. एकदा माय खास बस धरून आली.

"पोरगा मास्तर आहे. कुळाचे देव जुळते, घर जुळते."

"मी नाही जुळत, माय."

"काहून? काय कमी आहे त्याच्यात?"

"त्याच्यात काहीच नाही कमी," रुखमिणी म्हणाली, आणि मायला पोटभर जेवू घालून परत बसमध्ये बसवून दिलं.

शनिवारी ती नागपूरहून भंडाऱ्यावरून पुढे जाणारी बस धरायची, पूल ओलांडला की कारध्यात उतरायची. कौशल्याबाईच्या घरात ती थेट चुलीपाशी जाऊन बसे. गोंडाची पोरगी कास्तकाराच्या चुलीपाशी, पण कोणी बोललं नाही. सुनेची भुजली आहे, एवढ्यानं सगळ्यांचं समाधान होई. दिवसभर दोघी रेतीत असायच्या. वाडीच्या टोकाला पऱ्हाटीच्या काड्यांची झोपडी होती, तिच्या सावलीत गोदावरी रुखमिणीच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची आणि म्हणायची, "भुजली, रेडिओत बोलते तसं बोल ना." रुखमिणी गंभीर आवाजात सांगायची, "कारध्याच्या रेतीत आज एक बाई काम सोडून झोपून राहिली आहे. सविस्तर बातमी थोड्याच वेळात." गोदावरी हसून हसून तिच्या पोटात तोंड लपवायची.

ऐंशीनंतर टीव्ही आला. गावोगाव फिरून कार्यक्रम करणाऱ्या एका टोळीत रुखमिणीला घेतलं. टोळीचे मुख्य भैय्याजी, नागपूरचे, कामात चोख, जिभेनं तिखट. त्यांनी तिला पहिल्याच दिवशी विचारलं, "उईके, तुमच्याकडचे दागिने आहेत ना? घालून या." दोन-तीन वर्षं ती कडी-तोडे घालून नाचांची ओळख करून देत राहिली. धान पिकलं की नाच, लग्न झालं की नाच. पडद्यावर बातमी सांगणारे सगळे वरच्या घरांतले, आणि तिच्या वाट्याला नेहमी ढोलाच्या शेजारची जागा.

मग गोसीखुर्दला वैनगंगेवर धरण होणार ही बोलणी पक्की झाली. पाणी किती वर फुगेल, कोणती गावं उठतील, रेतीतल्या वाड्यांचं काय होईल, कोणी नीट सांगत नव्हतं. रुखमिणी भैय्याजींच्या मागे लागली. नदीकाठच्या बायांना विचारू द्या, मी विचारते. ते बरेच दिवस टाळत राहिले. शेवटी म्हणाले, "एक करून पाहा. जमलं तर पुढे देऊ. नाही जमलं तर ढोल आहेच."

चैत्रात टोळी कारध्याच्या रेतीत उतरली. कॅमेरा पाहून बाया पदर ओढून पळाल्या. शेजारच्या वाडीतली जनाबाई झोपडीमागे जाऊन बसली आणि तिथूनच ओरडली, "माहा फोटो नोको काढू वं, माहे दात पडले आहेत." उभी राहिली ती एकटी गोदावरी. रेतीत खड्डा कसा करायचा, खत कुठवर टाकायचं, डांगराला नदी आतून पाणी कशी पाजते, हे तिच्याइतकं नीट कोणी बोललंही नसतं.

भैय्याजींची पद्धत ठरलेली होती. ज्याला बोलतं करायचं त्याचं नाव विचारणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं घ्यायचं, गाव सांगायचं, मग प्रश्न.

"मी हिचं नाव नाही घेऊ शकत," रुखमिणी म्हणाली. "भुजली आहे माझी."

भैय्याजींनी गॉगल कपाळावर चढवला. "म्हणजे?"

तिनं सांगितलं. ते हसले नाहीत, ते बरं. पण म्हणाले, "उईके, तुम्हालाच बातमी पाहिजे होती ना? मग बातमीदार व्हा. रीत पाळायची असेल तर घरी पाळा. ऊन चढून राहिलं, गाडी परत न्यायची आहे."

नाव कॅमेरावाल्यानं सांगितलं असतं. झोपडीमागून जनाबाईनं सांगितलं असतं. गोदावरीनं स्वतःच सांगितलं असतं. पण हे सगळं रुखमिणीला सुचलं ते परतीच्या वाटेवर. त्या क्षणी तिला फक्त ढोल दिसला. तिनं मनाशी म्हटलं, हे नाव मी माझ्यासाठी घेत नाहीये, यंत्रासाठी घेतेय, तिला कळेल. आणि कॅमेऱ्याकडे पाहून ती म्हणाली, "आपल्यासोबत आहेत कारध्याच्या गोदावरीबाई."

झोपडीमागची कुजबुज थांबली. गोदावरीनं तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या तोंडून ते नाव तिनं ऐकलं नव्हतं. मग तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, एकही चुकवलं नाही. फक्त दर वेळी सुरुवात अशी करायची, "बाई, तुमाले काय सांगू." तुमाले. रुखमिणी पुढचा प्रश्न विचारत राहिली.

त्या शनिवारी रुखमिणी नेहमीसारखी गेली. कौशल्याबाई सपरीतच, पुढच्या ओसरीवर, बसली होती. ती उठली, आतून चहा घेऊन आली आणि कप सपरीत ठेवला. चुलीपाशी बोलावलं नाही.

"भुजली कुठं आहे, माय?"

"रेतीत आहे. येनार नाही ते आता." म्हातारी पुन्हा खाली टेकली. "इतके साल तू माह्या चुलीजवळ बसली. कोन म्हनून बसली? भुजली म्हनून. तिचं नाव घेऊन तूच ते मोडलं. आता गावानं इचारलं का हे तुमची कोन लागते, तं मी काय सांगू?"

"चूक झाली माझी."

"मी आंधळी नाही, बाई. माह्या सुनेच्या तोंडावर हसू कायनं येते ते मले समजते. एक शब्द होता, त्याच्याआड समदं झाकून होतं. झाकून होतं म्हनून मी बी गप होती." तिनं कप पुढे सरकवला. "चहा पी. थंडा होऊन राहिला."

रुखमिणी चहा प्याली, आणि पुलावर येऊन बस यायची वाट पाहत उभी राहिली. खाली रेतीत लांब एक बाई वेलांना पाणी घालत होती. तिनं वर पाहिलं नाही.

कार्यक्रम लागला. लोकांना आवडला. भैय्याजींनी शब्द पाळला, दर आठवड्याला नदीकाठच्या, जंगलातल्या गावांची खबर सांगायचं काम रुखमिणीला दिलं. दागिने पेटीत गेले. जे तिनं मागितलं होतं ते सगळं मिळालं, आणि शनिवार रिकामा झाला. ती खोलीवर बसायची, साड्या धुवायची, धुतलेल्या पुन्हा धुवायची. सहकारी सिनेमाला बोलवायचे. ती म्हणायची, घरी काम आहे.

श्रावणात तिनं खाटेखाली दोन्यांत गहू पेरले. मोडलेली भुजली पुन्हा बदलता येते, असं तिला मायनं कधीतरी सांगितलं होतं. ज्यानं मोडली त्यानं रोपं घेऊन जायचं, समोरच्यानं आपल्या हातानं ती त्याच्या कानामागे खोचली तर जुळलं. घरमालकीण विचारू लागली, "पूजा आहे का?" ती म्हणाली, "हो."

राखीच्या दुसऱ्या दिवशी ती कारध्याच्या घाटावर पोचली. नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती, रेतीचा पत्ता नव्हता. बाया गाणी म्हणत दोने सोडत होत्या. कौशल्याबाई होती, जनाबाई होती. गोदावरी पायरीवर उभी होती. रुखमिणीनं तिच्यापुढे ओंजळ धरली. गाणं हळूहळू थांबलं. सगळ्या बाया पाहू लागल्या.

गोदावरीनं रोपं घेतली. हातात धरून राहिली. रुखमिणीनं मान थोडी वाकवली, लहानपणी वाकवली होती तशी. पण रोपं कानाकडे आली नाहीत. गोदावरीनं वाकून ती नदीत सोडली.

"मोडली ते मोडली," ती हळूच म्हणाली. "आता पुन्हा बदलली, तं गाव म्हनन, जुळली भुजली, आन मी जन्मभर तुले भुजलीच म्हनीन. मले नाही म्हनायचं." ती आणखी जवळ आली. "तू माहं नाव घेतलं ना? मग मले बी घेऊ दे. रुखमिणी." मग पुन्हा म्हणाली, "रुखमिणी. जाय आता, बस सुटन."

कौशल्याबाईनं सुनेला हाक मारली. गोदावरी पायऱ्या चढून गेली.

त्यानंतर रुखमिणी त्या घरी गेली नाही. जाण्यासारखं नातं उरलं नव्हतं, आणि जे उरलं होतं त्याला कोणत्याच घराचं दार नव्हतं. माय वारली. लग्नाचं विचारणारं कोणी उरलं नाही. नदीकाठच्या गावांत मोजणीचे दगड रोवले गेले, ते तिनं दाखवले. उठवल्या जाणाऱ्यांचं म्हणणं लोकांपुढे ठेवलं. ज्याला बोलतं करायची त्याला म्हणायची, "तुमचं नाव तुम्हीच सांगा." भैय्याजींनी पुढे त्याला हरकत घेतली नाही. शेवटी मात्र नियमाप्रमाणे ती स्वतःचं नाव सांगायची आणि पडद्यावरून जायची.

एकोणनव्वद साली भंडाऱ्याच्या बसस्टँडवर जनाबाई भेटली. डोक्यावरची टोपली खाली ठेवून तिनं रुखमिणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"टीव्हीत मोठी दिसते वं तू. इथं तं एवढीशी आहे."

"कारध्यात टीव्ही आहे?"

"ग्रामपंचायतीत आहे ना. आमी समद्या जातो तुह्या दिवशी. गोदावरी बी येते, सासूले धरून आनते, मागं बसते." जनाबाई टोपली उचलू लागली. "अन तू आखरीले नाव सांगते ना तुहं, तं गोदावरी तुह्याआधीच सांगून मोकळी होते. पोरंसोरं हासते. तिले काई वाटत नाही."

नागपूरची बस लागली होती. रुखमिणीनं टोपली जनाबाईच्या डोक्यावर चढवायला हात लावला, आणि बस निघून गेली तरी तिथेच उभी राहिली.