एक किलो आठशे पन्नास ग्रॅम

मी वजनकाट्यांचा माणूस आहे. नगरला मार्केट यार्डाजवळ माझं काटे दुरुस्तीचं दुकान आहे. कांद्याच्या आडतीतले, किराणा दुकानातले, सोनाराकडचे... काटा कुठलाही असो, तो खरं बोलतोय की नाही एवढंच मी बघतो. गेली अठ्ठावीस वर्षं हेच. त्यामुळे कुणी बाहेरचं, लागिरं असलं काही सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला — ‘मोजलं होतं का?’ या सदरातले अनुभवही मी असेच वाचत आलो. चहासोबत, थोडं हसत.

माझी अडचण एवढीच, की या वेळी मोजलं होतं. आणि मोजणारा मीच होतो.

लिहू का म्हणून बायकोला, मंगलला, विचारलं. ती म्हणाली, “लिहा. पण आकडे खरे लिहा. निदान आता तरी.”

तर — मागच्या जानेवारीत आम्ही दोघं किलीमांजारोला गेलो होतो. टांझानियातला डोंगर, ५,८९५ मीटर, आफ्रिकेतला सगळ्यात उंच. हौस मंगलची. पन्नाशी जवळ आली तसं तिला चालण्याचं वेड लागलं. आधी रोज सकाळी चांदबिबी महालाची टेकडी, मग अकोले तालुक्यात जाऊन कळसूबाई — एकदा नाही, चार वेळा. आमची मुलगी अक्षता पुण्यात नोकरीला आहे, तिनेच सगळं बुकिंग केलं. सात दिवसांचा ट्रेक, मचामे नावाची वाट. आम्ही दोघंच, एक गाईड, आणि सामान वाहणारे पोर्टर.

एका पोर्टरला वीस किलोंपेक्षा जास्त ओझं द्यायचं नाही, असा तिथला नियम. हे वाचल्यावर मी दुकानातला हुकाचा काटा बरोबर घेतला, पन्नास ग्रॅमच्या टप्प्याने दाखवणारा. आणि तो तपासायला पाचशे ग्रॅमचं पितळी वजन.

“माणसं डोंगरावर औषधं नेतात,” मंगल म्हणाली. “आमचं ध्यान वजन घेऊन निघालंय.”

माझी बॅग घरी अकरा किलो चारशे भरली. मचामे गेटवर त्यांच्या काट्यावरही तेवढीच. बॅगेला छोटं कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. लाडू, सुकामेवा, पाणी सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये. म्हणजे मोठ्या बॅगेतून काही कमी होणार नव्हतं आणि काही वाढणारही नव्हतं. हे आत्ताच सांगून ठेवतो.

पहिला दिवस जंगलातला. ओली माती, झाडांवरून लोंबणारं शेवाळ. आमचा गाईड गॉडलिसन पस्तिशीचा, हसरा. मला ‘बाबा’ म्हणायचा आणि मंगलला ‘मामा’. तिकडे मामा म्हणजे आई. मंगलला आधी हसू आलं. बराच वेळ चालल्यावर, काठी टेकत, माझ्याकडे न बघता म्हणाली, “आपली पहिली असती तर आता सत्तावीसची असती ना हो?”

“हो.”

“रडली पण नाही ना ती?”

“नाही,” मी म्हणालो.

हे खोटं होतं.

मंगलचं पहिलं बाळंतपण माहेरी, पारनेर तालुक्यात. आठवा महिना नुकता लागलेला. अचानक त्रास सुरू झाला, सीझर करावं लागलं. मुलगी झाली. नर्सबाईंनी वजन केलं आणि मला सांगितलं — एक किलो आठशे पन्नास. दवाखाना लहान, काचेची पेटी नव्हती. नगरला न्यायला सासरे जीप बघायला पळाले. मंगलला भूल दिलेली, ती शुद्धीवर नव्हती. तोवर मुलगी माझ्या हातात, टॉवेलात गुंडाळलेली. सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं ते पावणेअकरा. चाळीस मिनिटं. दोनदा रडली. जीप आली तेव्हा मी तसाच बसून होतो. सासूबाईंनी हळूच माझ्या हातातून तिला घेतलं.

“पाव्हणं, मंगीला दावू नका,” त्या म्हणाल्या. “बगितलं की जीव गुततो. म्हनावं, मेलेलीच झाली. न्हाई बगितलं तर इसरून जाईल.”

मला ते पटलं, हे कबूल करतो. सासऱ्यांच्या शेताच्या बांधावर, लिंबाखाली तिला पुरलं, मीठ घातलं. मंगल शुद्धीवर आली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. मेलेलीच झाली, असं मी सांगितलं. सासू-सासरे आता नाहीत. नर्सबाई कुठे असतील ते माहीत नाही. त्या चाळीस मिनिटांबद्दल मंगलला सांगू शकेल असा माणूस मी एकटाच उरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, २,८३५ मीटरवरच्या तळावर, गॉडलिसन सगळी ओझी पुन्हा काट्याला लावत होता. माझी बॅग एलिया नावाच्या पोर्टरकडे होती. चाळिशीचा, उंच, अबोल, चार लेकरांचा बाप. गॉडलिसन माझ्याकडे आला. (आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत, इथे मराठीत देतो.)

“बाबा, बॅगेत काही घातलंत का? एलियाचं ओझं वाढलंय.”

“काही नाही.”

मी माझा काटा काढला. आधी पितळी वजन अडकवलं : ०.५००. काटा ठीक. मग बॅग : १३.२५०.

दव म्हणावं तर बॅग तंबूत होती, कोरडी. कुलूप जागेवर. मी कुलूप काढलं, सगळं सामान बाहेर घेतलं — स्लीपिंग बॅग, जॅकेट, कपडे, जोडे — आणि चार ढीग करून वेगवेगळं मोजलं. रिकामी बॅगही मोजली. वहीत बेरीज केली : ११.४००. पुन्हा सगळं भरलं, कुलूप लावलं, हुकाला अडकवलं.

१३.२५०.

वजाबाकीला मला कागद लागला नाही.

“झालं का तुमचं दुकान?” मंगल जेवणाच्या तंबूतून ओरडली. “चहा गार होतोय!”

“काटा बिघडलाय,” मी म्हणालो. हे दुसरं खोटं.

एलियाने बॅग डोक्यावर घेतली, दहा पावलं गेला, थांबला. खाली उतरवली. मग दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली — डावा कोपर खाली, उजवा तळवा पाठीमागून — आणि चढू लागला. त्या चढावर असं ओझं कुणी नेत नाही. बाकीचे पोर्टर हसले, काहीतरी टोमणा मारला. गॉडलिसनने त्याला विचारलं. एलियाने न थांबता उत्तर दिलं.

“काय म्हणतो?” मी विचारलं.

गॉडलिसन जरा अवघडला. “म्हणतो, डोक्यावर ती शांत राहत नाही. अशी धरली की राहते.”

“बघा तरी,” मंगल हसून म्हणाली, “लेकरासारखी नेतोय तुमची बॅग.”

मी बुटाची नाडी बांधायला खाली बसलो. नाडी सुटलेली नव्हती.

शिरा तळ, ३,८५० मीटर : १३.२५०. बरांको तळ, ३,९५० मीटर : १३.२५०. प्रत्येक वेळी आधी पितळी वजन तपासलं. जाणकार वाचकांसाठी सांगतो — विषुववृत्ताजवळ आणि इतक्या उंचीवर वस्तू किंचित हलकी भरते. अकरा किलोला वीसेक ग्रॅम. माझ्या काट्याला तेवढा फरक दिसतही नाही. पण फरक पडायचाच तर तो कमी होण्याचा. वाढण्याचा नाही.

मंगलला सांगावं असं रोज वाटायचं. बॅगेची भीती मला वाटत नव्हती. भीती होती ती तिच्या नजरेची. इतकी वर्षं ज्या बाईच्या हातचं खाल्लं, ती हे कळल्यावर माझ्याकडे पुन्हा कधी सरळ बघेल का, एवढंच डोक्यात होतं. म्हणून मी रोज सकाळी मोजायचो, वहीत लिहायचो आणि वही खिशात ठेवायचो.

तळ सोडल्याबरोबर बरांकोची भिंत लागते. अडीचशे मीटर उभा खडक. दोन्ही हातांनी धरत चढावं लागतं. पोर्टर ओझं डोक्यावर किंवा मानेवर घेतात ते त्यासाठीच, हात मोकळे राहावेत म्हणून. एलिया एका हाताने चढत होता. दुसऱ्या हातात बॅग. गॉडलिसन दोनदा ओरडला, त्याने ऐकलं नाही.

वर एके ठिकाणी खडक पोटासारखा पुढे आलाय. त्याला कवटाळून पलीकडे पाय टाकायचा, खाली काही नाही. तिथे एलियाचा पाय सटकला. मी चार हातांवर होतो. त्याचा मोकळा हात खडकाकडे गेला नाही. तोही बॅगेकडे गेला. दोन्ही हातांनी त्याने ती छातीशी आवळली आणि तसाच मागे कलला... मागच्या पोर्टरने त्याच्या जॅकेटची कॉलर धरली म्हणून. नाहीतर गेला होता.

त्याने बॅग सोडली असती तर दोन्ही हात मोकळे होते. त्याने सोडली नाही. आणि ते ओझं त्याचं नव्हतंच.

दुपारी दोन वाजता कारंगा तळावर पोहोचलो, ३,९९५ मीटर. ऊन पडलं होतं, ढग खाली राहिले होते. तंबूच्या दाराशी एलियाने बॅग अगदी अलगद ठेवली.

“मंगल, जरा बस.”

“डोकं दुखतंय का? गोळी घेतलीत?”

“ती रडली होती,” मी म्हणालो. “दोनदा.”

कोण, असं तिने विचारलं नाही.

मी सगळं सांगितलं. दहा पाच ते पावणेअकरा. टॉवेल. लिंब. तिच्या आईचं बोलणं, आणि ते मी ऐकलं हेही. वजन. मग वही काढून बॅगेचे आकडे दाखवले. शेवटी तिने विचारलं, “केस होते?”

“होते. काळे.”

“डोळे?”

“एकदा उघडले होते.”

ती उठली. तंबूच्या दाराशी गेली आणि तीन दिवस एलिया धरायचा तशी बॅग उचलून छातीशी घेतली. उभी राहिली. बराच वेळ. मग खाली ठेवली.

“मोजा.”

मी काटा लावला. ११.४००. काढून पुन्हा लावला. ११.४००. पितळी वजन ०.५००.

मला वाटलं आता रडेल, मला काहीतरी फेकून मारेल. ती अगदी हळू बोलली.

“आधी माझ्या हातात द्यायची हो. मग सांगायचं.”

“मंगल—”

“तीन दिवस होती. तुम्ही मोजत बसलात. पुन्हा मला न दाखवता घालवलीत.”



वारा सुटला म्हणून एलिया बॅग आत सरकवायला आला. उचलली आणि थबकला. बॅगेकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. बॅग ठेवून दिली. मंगल त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तिने फक्त हात पुढे केले. त्याला कळलं. त्याने रिकामेच हात धरून दाखवले — डावा कोपर खाली, उजवा तळवा पाठीमागून. तिने तसे धरले. त्याने तिचा कोपर बोटभर वर उचलला, मान हलवली आणि गेला. ती ऊन उतरेपर्यंत तशीच बसून होती.

दुसऱ्या दिवशी एलियाने बॅग डोक्यावर घेतली.

शिखरावर मंगल गेली, मी गेलो नाही. “तुम्ही थांबा,” एवढंच म्हणाली. ४,६७३ मीटरवरच्या शेवटच्या तळावर मी बॅगेपाशी बसून राहिलो. तीनदा मोजली. ११.४००. दुपारी ती परत आली, ओठ फुटलेले, चेहरा काळवंडलेला. वर काय केलं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

नगरला आल्यावर ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, उंचीवर ऑक्सिजन कमी, मेंदू काहीही दाखवतो. असेल. पण गॉडलिसनच्या काट्यावरही वजन वाढलं होतं, तेही पहिल्याच तळावर, जिथे कुणाला दमही लागला नव्हता. आणि एलियाला तर आकडा माहीत असण्याचं कारणच नाही.

मार्चमध्ये मंगलला घेऊन पारनेरला गेलो, बांधावरची जागा दाखवली. लिंब दोघांच्या कवेत मावत नाही आता. ती तिथे बसली. मला म्हणाली, गाडीत थांबा.

बॅग तिने अजून उपसलेली नाही. मागच्या खोलीत कॉटवर तशीच आहे, कुलपासकट. काटाही तिने दुकानात नेऊ दिला नाही, खिडकीच्या गजाला लावून घेतलाय. दर रविवारी मला मोजायला लावते.

“किती?”

“अकरा चारशे.”

“बरं.”

मागच्या रविवारी मला दुकानात काम निघालं. दुपारी जेवायला घरी आलो तर मागच्या खोलीत ती खिडकीपाशी उभी. बॅग हुकावरून नुकतीच काढलेली, हुक अजून हलत होता. बॅग छातीशी, डावा कोपर खाली, उजवा तळवा पाठीमागून. काट्यावरची आकड्यांची पाटी विझलेली. या काट्यात मागचा आकडा साठून राहत नाही.

“किती भरली?” मी दारातूनच विचारलं.

तिने मान वर केली नाही.

“हळू बोला,” ती म्हणाली.

मी दार ओढून घेतलं आणि ओट्याशी उभ्यानेच जेवलो. नंतरही विचारलं नाही. याला काय म्हणावं, मला आजही सांगता येत नाही. खरे आकडे लिहा म्हणाली होती, म्हणून मागच्या रविवारची जागा वहीत मोकळी सोडली आहे.