आगवाल्याचा बॅकअप

कारखान्यांत आणि शाळांत जाऊन, आग लागू नये म्हणून काय करावं आणि लागलीच तर काय करावं, हे शिकवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. लोक मला आगवाले म्हणतात. "धोका सांगून येत नसतो," हे माझं भाषणातलं लाडकं वाक्य. आमच्या घरच्या कॉम्प्युटरने मात्र चांगलं महिनाभर सांगितलं. चालू करताना घरघरायचा, मधेच निळा पडायचा. मी त्याच्या पाठीवर थाप मारली की चालायचा. त्यामुळे आपल्याला यातलं कळतं, असा माझा समज झाला होता.

त्या कॉम्प्युटरमध्ये बायकोचा आवाज होता. दृष्टिहीन मुलांच्या ग्रंथालयासाठी ती मागच्या खोलीत बसून गोष्टी वाचायची आणि रेकॉर्ड करायची. मग तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. ती ठणठणीत बरी झाली, पण आवाज बसला तो बसलाच. आता तिने फोन उचलला की लोक तिला "नमस्कार साहेब" म्हणतात.

"अहो, माझं रेकॉर्डिंग दुसरीकडे काढून ठेवू या का?" तिने विचारलं.

"माझ्यावर सोड," मी म्हणालो. हे मी म्हटलं की तिच्या कपाळावर एक बारीक आठी उमटते. तेव्हाही उमटली.

मी बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणली. पडद्यावर दिसत होती ती सगळी चित्रं उचलून डिस्कवर टाकली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काम फत्ते. डिस्क भलतीच वेगवान आहे, असं मला वाटलं. ती मी अग्निरोधक पेटीत ठेवली आणि पुढच्या भाषणात तिचा उल्लेखही केला. टाळ्या पडल्या.

मग एका दुपारी कॉम्प्युटर निळा पडला तो उठलाच नाही. थापांचाही उपयोग झाला नाही. मी शांतपणे पेटी उघडली आणि डिस्क नि कॉम्प्युटर घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने ती जोडली, पाहिली, पुन्हा पाहिली.

"काका, यात फाइली नाहीत. नुसते शॉर्टकट आहेत. तुम्ही दारावरची पाटी काढून आणलीत, घर तिथेच राहिलं."

"पण पेटी अग्निरोधक आहे," मी म्हणालो.

तो सज्जन माणूस. हसला नाही.

घरी आलो तेव्हा बायको भाजी चिरत होती. मी सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली. ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

"चांगलं वाचलेलं सगळं ग्रंथालयाकडे आहे," ती म्हणाली. "गेलं ते चुकलेलं. मी तेच ऐकायचे अधूनमधून."

हे मला ठाऊकच नव्हतं.

दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटर ठेवून घेतला आणि काही दिवसांनी बोलावलं. आम्ही दोघं गेलो. जे परत मिळालं त्यात माझी भाषणं जवळजवळ सगळी होती. "घाबरून पळू नका," असं माझ्या आवाजात दुकानभर घुमत राहिलं आणि बायको स्टुलावर बसून निमूट ऐकत राहिली. मग एक फाइल उघडली.

"आणि तो म्हातारा नावाडी होडीत चढला," तिचा जुना, स्वच्छ आवाज. दार करकरलं. "अगं, माझा चष्मा पाहिलास का?" हा मी. "तुमच्या कपाळावर आहे." आणि मग हसणं, तिचं आणि माझं, थांबेचना.

अशा मोजक्याच सापडल्या. जवळपास प्रत्येकीत मी कडमडलो होतो.

"काकू, काकांचा आवाज कापून देऊ?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"हात लावू नका," ती आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाली.

आता बॅकअप तीच घेते. एक प्रत घरी, एक इंटरनेटवर, एक तिच्या धाकट्या बहिणीकडे. प्रत्येक फाइल उघडून, ऐकून मगच डिस्क बाजूला काढते. ती पोचवण्याचं काम माझं. मेहुणी दार उघडते, डिस्क घेते आणि मला पाणी विचारायच्या आधी विचारते, "ताईने तपासलीये ना?"