देवलालचे चार ओम

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याच्या गाडीपासून सगळं सुरू झालं त्या प्रमोदला, माझ्या मेहुण्यालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — यात धाडस काही नाही, ते मला कळतं.

दिग्रसला मी सव्वीस वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. शाल-श्रीफळाच्या समारंभांची टिंगल करण्यात माझा हातखंडा होता. फुगलेल्या माणसाला टाचणी लावणं हे मी एक प्रकारचं समाजकार्य समजत असे. स्वतः किती फुगलो आहोत हे मात्र कधी तपासलं नाही. कशाला तपासणार? टाचणी माझ्याच हातात होती.

तर गाडी. प्रमोदने जुनी गाडी घेतली होती. कंपनीचा सेट ठीक, पण स्पीकर अगदीच पुचाट. बस स्टँडच्या रस्त्यावर देवलालची टपरी होती. जवळच्याच तांड्यावरचा माणूस, गाड्यांना टेप-स्पीकर बसवून द्यायचा. प्रमोदला दणदणीत आवाज हवा होता, म्हणून त्याने कमी रोधाचे, दोन ओमचे स्पीकर मागितले. देवलालने साफ नाही म्हटलं. सेटवर चार ओम लिहिलंय, तर स्पीकर चारचेच. दोनचे लावले तर ते सेटला झेपणार नाही इतका करंट ओढतील, सेट तापेल आणि एक दिवस जळेल. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण दोनचे लावणार नाही. शेवटी चारचे बसवले. हे मला प्रमोदनेच कौतुकाने सांगितलं होतं — म्हणजे मला आधीपासून माहीत होतं, हे लक्षात ठेवा.

आठवड्याभरात सेट मधूनच बंद पडायला लागला. प्रमोदने मला बोलावलं. मी प्रयोगशाळेतला मीटर घेऊन गेलो. मीटर कशाला? आधी तारा बघता आल्या असत्या, बॅटरी बघता आली असती. पण खरं सांगू? हातात मीटर असला की लोक बाजूला सरकून वाट देतात.

बाजाराचा दिवस होता. टपरीसमोर पंधरा-वीस माणसं जमली. स्पीकर काढला, मीटर लावला — तीन पॉइंट चार. दुसरा लावला, तेच. चारही तसेच. देवलाल अगदी शांतपणे म्हणाला, "सर, मीटरवर तेवढंच दाखवते. चारचा असला तरी साडेतीनच्या आतबाहेरच येते. माह्या हाताखालून लय गेले."

मी त्याच्याकडे न बघता, गर्दीकडे बघून म्हणालो, "असं? मग तुझ्याकडचा किलोही साडेआठशे ग्रॅमचाच असतो काय?"

कापसाच्या बाजारपेठेत काट्याचा विनोद कधी वाया जात नाही. काट्यावर नागवला गेला नाही असा माणूस त्या गर्दीत एकही नसेल. हशा असा उठला की समोरच्या हॉटेलातले लोक बाहेर आले. देवलालने चारही स्पीकर मुकाट्याने परत घेतले. मला फार बरं वाटलं — हेही सांगायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारावीचा तास. धडा प्रत्यावर्ती धारेचा. फळ्यावर वेटोळं काढलं, आणि खडू हातातच राहिला. स्पीकरमध्ये वेटोळंच असतं ना? मीटर त्यातून एकाच दिशेने वाहणारी धारा सोडतो, त्याला नुसत्या तारेचा रोध दिसतो. गाण्याची धारा उलटसुलट वाहते. तिला वेटोळं त्याहून जास्त अडवतं. स्पीकरवर छापलेले चार ओम हे त्या अडवण्याचे. मीटरवर कमीच दिसणार. दरवर्षी शिकवत होतो मी हे. देवलाल ते न शिकता जाणत होता.

मी तास पुरा केला. पोरांनी सगळं उतरवून घेतलं.

कॉलेजपासून टपरी चालत दहा मिनिटांवर. गेलो का? नाही. आज जाऊ, उद्या जाऊ — असंही नव्हतं. न जाण्याचं मी त्याच दिवशी ठरवलं होतं. पुढे प्रमोदला कळलं की बॅटरीचा टर्मिनल ढिला होता, म्हणून सेट बंद पडायचा. तो मला सांगत होता तेव्हा मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

माझा विनोद मात्र गावात राहिला. "काबे साडेआठशे, आज किती ओम देऊन राह्यला?" पानठेल्यावरून पोरं ओरडायची. देवलाल आधी समजावून सांगायचा, मग चिडायचा, मग हसायला शिकला. स्पीकरचं गिऱ्हाईक आर्णीला जायला लागलं. दोन वर्षांनी त्याने ते काम सोडलं आणि पंक्चर काढायला लागला. आपण ज्यात तरबेज आहोत तेच काम नावाला काळिमा लागून सोडायचं — कसं वाटत असेल? मला माहीत नाही. मी तर सन्मानाने निवृत्त झालो. निरोप समारंभात शाल घेतली, श्रीफळही घेतलं.

मागच्या हिवाळ्यात माझ्या गाडीचं चाक बसलं, नेमकं त्याच्याच टपरीजवळ. त्याने स्टूल पुसून दिलं. "बसा, सर." पंक्चर काढलं, चाक बसवलं, हात पुसले. मग खाली बघतच म्हणाला, "सर, एक इचारू? त्या दिवशी माहं नेमकं काय चुकलं व्हतं? मले अजून समजलं नाही."

टपरीत तिसरं कोणी नव्हतं. कोणाला हसवायचं नव्हतं. मी निवृत्त, तो म्हातारपणाकडे झुकलेला. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "जाऊ दे देवलाल, होते कोणाकडूनही."

त्याने मान हलवली. "हो सर," म्हणाला. माझ्या चुकीबद्दल मी त्याला माफ करून टाकलं होतं, आणि त्याने ती माफी घेतली.

ते स्पीकर चार ओमचेच होते.